मेडुलोब्लास्ट : कधीच न सापडलेल्या पेशीचा शंभर वर्षांचा शोध

१/
इ.स. १९२५. अमेरिकेतील बॉस्टन शहरात दोन डॉक्टरांनी लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या एका गाठीचे नाव ठरवले. नाव ठरवताना त्यांनी एका पेशीची कल्पना केली. ती पेशी त्यांनी पाहिली नव्हती आणि पुढेही ती कोणाला दिसली नाही. नाव मात्र आजही कर्करोग रुग्णालयांच्या कागदांवर आहे. त्या नावाआड नेमके काय दडले आहे, याचा शोध जवळजवळ शतकभर चालला. त्या शोधाचा एक टप्पा नवी मुंबईतील खारघर येथे पार पडला. त्या शोधाचा हा धागा.

२/
हार्वे कुशिंग हे मेंदूच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक. पर्सिव्हल बेली हे त्यांचे सहकारी. काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांच्या लक्षात आले, की या पेशी प्रौढ मेंदूतील कोणत्याच पेशीसारख्या नाहीत. त्या भ्रूणातील अर्धवट घडलेल्या पेशींसारख्या आहेत. गर्भावस्थेत ‘मेडुलोब्लास्ट’ नावाची एक मूळ पेशी असावी आणि तिच्यापासून ही गाठ होत असावी, असे त्यांनी गृहीत धरले. म्हणून गाठीचे नाव ‘मेडुलोब्लास्टोमा’. पेशीविषयीचा तर्क चुकला. पण ही गाठ म्हणजे अवयवाची अर्ध्यावर अडलेली घडण आहे, हा त्यामागचा विचार काळाच्या कसोटीला उतरला.

३/
ही गाठ होते अनुमस्तिष्काच्या परिसरात, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूत. शरीराचा तोल आणि हालचालींतील मेळ सांभाळणे हे या अवयवाचे काम. त्यामुळे मूल अडखळत चालू लागते, सकाळी उठताच डोके दुखते, उलट्या होतात. १९३० मध्ये कुशिंग यांनी ६१ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी त्यांपैकी एकच हयात होता.

४/
१९५३ मध्ये इंग्लंडमधून एडिथ पॅटरसन आणि फार यांनी वेगळा अनुभव मांडला. केवळ गाठीच्या जागेवर नव्हे, तर संपूर्ण मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर किरणोपचार केले, तर अनेक मुले वाचतात. हा मोठा विजय होता. पण त्याची किंमत मुलांनी मोजली. वाढत्या मेंदूवर किरण पडल्याने काहींची बुद्धीची वाढ मंदावली, उंची खुंटली, संप्रेरकांचा समतोल ढळला. तेव्हापासून एक प्रश्न डॉक्टरांसमोर उभा आहे : हे उपचार सर्वच मुलांना सारख्याच प्रमाणात लागतात का?

५/
उत्तरासाठी आधी दुसरा प्रश्न सोडवावा लागणार होता : लहान मेंदू घडतो कसा? स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ पासून या अवयवाची अप्रतिम रेखाटने केली. त्यांतून एक विलक्षण प्रवास दिसला. लहान मेंदूच्या पृष्ठभागावर कणिकापेशींच्या पूर्वज पेशींचा थर असतो. तेथून त्या आत उतरतात आणि आपल्या कायमच्या जागी स्थिरावतात. मानवी मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी या एकाच प्रकारच्या असतात. हा थर जन्मानंतरही सुमारे वर्षभर टिकतो. म्हणजेच बाळ पाळण्यात असते, तेव्हाही त्याच्या लहान मेंदूचे बांधकाम चालूच असते.

६/
पण पेशीला कसे कळते, की कधी वाढायचे, कधी थांबायचे आणि काय व्हायचे? सर्व पेशींत जनुके तर सारखीच असतात. येथे पुण्याच्या पेशवे दफ्तराचे उदाहरण उपयोगी पडते. दफ्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले असतात. पण एका वेळी काहीच रुमाल सोडले जातात आणि त्यांतील ठरावीक कागदांच्याच नकला होतात. प्रत्येक पेशीत असेच एक संपूर्ण दफ्तर असते. कोणता रुमाल सोडायचा आणि कोणता बांधलेलाच ठेवायचा, हे ठरवणारी प्रथिने म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, मराठीत प्रतिलेखन घटक. प्रतिलेखन म्हणजे तरी काय? नक्कल करणेच.

७/
१९६१ मध्ये पॅरिसच्या फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी जिवाणूंवरील प्रयोगांतून दाखवले, की काही जनुकांचे काम इतर जनुकांना चालू किंवा बंद ठेवणे हेच असते. १९६५ मध्ये त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळाले. या शोधाचा गर्भितार्थ मोठा होता. एक दफ्तरदार जो रुमाल सोडतो, त्यात दुसऱ्या दफ्तरदाराच्या नेमणुकीचा हुकूम असू शकतो. दुसरा तिसऱ्याला नेमतो, तिसरा पहिल्याला आवरतो. या परस्पर हुकुमांच्या जाळ्यातून अवयव घडतो. मात्र जिवाणूला अवयव नसतात. हे जाळे प्राण्यांत शोधणे बाकी होते.

८/
त्याच काळात मुंबईत कर्करोग संशोधनाचा पाया रचला जात होता. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. त्याच्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्याच पुढाकाराने १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. तेथे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. उंदरांतील स्तनकर्करोग हा त्यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय. संप्रेरके, आनुवंशिकता आणि अर्बुदकारक विषाणू यांचा परस्परसंबंध त्या तपासत होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

९/
रणदिवे यांचे नाव नवी मुंबईशी आणखी एका धाग्याने जोडलेले आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या त्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेचे मुख्यालय आज वाशी येथे आहे.

त्याच १९७३ साली दिल्लीत एक छोटी नोंद झाली. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१०/
दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांना काही फळमाश्यांना पंख नसल्याचे आढळले. एका जनुकातील बदलामुळे हे घडत होते. त्यांनी त्याला नाव दिले ‘विंगलेस’, म्हणजे पंखहीन. १९७६ मध्ये शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पंखाच्या जागी पंख न होता छातीचाच भाग दुबार घडत होता. म्हणजे हे जनुक निव्वळ पंख वाढवत नव्हते. तेथील पेशींनी काय व्हायचे, या निर्णयात त्याचा हात होता.

११/
आता कॅलिफोर्निया, १९८२. रोल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस उंदरांतील स्तनकर्करोगाच्या विषाणूचा अभ्यास करत होते. हा विषाणू उंदराच्या गुणसूत्रात कोठे घुसला की गाठ होते, हे त्यांनी शोधले आणि त्या जागेजवळच्या जनुकाला ‘इंट-१’ म्हटले. १९८७ मध्ये कळले, की उंदराचे ‘इंट-१’ आणि माशीचे ‘विंगलेस’ हे एकच जनुक आहे! दोन्ही नावे जोडून पुढे या कुळाला ‘विंट’ असे नाव मिळाले. दिल्लीतील पंखहीन माशी आणि उंदराची कर्करोगाची गाठ एकाच जनुकाशी येऊन भेटल्या. अवयव घडवणारे जनुक चुकीच्या वेळी जागे झाले, की कर्करोग घडवते.

१२/
दुसरा धागा जर्मनीतला. १९८० मध्ये हायडेलबर्ग येथे क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी माशीच्या अळीची रचना बिघडवणाऱ्या जनुकांची पद्धतशीर यादी मांडली. त्यांतील एका जनुकात बिघाड झाला, की अळीच्या अंगभर काटे उगवत. त्याचे नाव पडले ‘हेजहॉग’, म्हणजे काटेरी साळूसारखा दिसणारा एक लहान प्राणी. १९९३ मध्ये पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतही त्याचे भाऊबंद सापडले. त्यांतील एकाला व्हिडिओ गेममधील पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ म्हटले गेले. १९९५ मध्ये या दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल मिळाले.

१३/
विंट आणि हेजहॉग हे स्वतः प्रतिलेखन घटक नव्हेत. ते एका पेशीने दुसरीला धाडलेले खलिते आहेत. खलिता पेशीच्या वेशीवर पोहोचतो. पण दफ्तर असते केंद्रकात. तेथे अंमल करतात ते प्रतिलेखन घटक. हेजहॉगच्या खलित्यावर ‘ग्ली’ कुळातील घटक काम करतात. विंटच्या खलित्यामुळे बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन केंद्रकात शिरते आणि ‘टीसीएफ’ घटकांना साथ देते. यांपैकी ‘ग्ली’ हे जनुक १९८७ मध्ये सापडले, तेही मानवी मेंदूच्या गाठीत. तिचे नाव ग्लायोमा, म्हणून हे ‘ग्ली’.

१४/
मग १९९६ हे वर्ष आले. गॉर्लिन सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक विकारात त्वचेचे कर्करोग होतात आणि काही मुलांना मेडुलोब्लास्टोमाही होतो. त्यामागील दोषी जनुक सापडले : ‘पॅच्ड’. हे जनुक हेजहॉगच्या खलित्याला वेशीवर अडवून धरणारा पहारेकरी आहे. पहारेकरी नसला, की खलिता न येताही तो आल्यासारखे काम सुरू होते. पुढच्याच वर्षी, पॅच्ड जनुकाची एक प्रत बिघडवलेल्या उंदरांपैकी काहींत मेडुलोब्लास्टोमा झाल्याचे दिसले. १९२५ च्या तर्कानंतर ७२ वर्षांनी अवयवाची घडण आणि गाठ यांच्यातील दुवा हाती लागला.

१५/
त्याच १९९७ साली ह्यूस्टन येथे हुदा झोघबी यांच्या प्रयोगशाळेने ‘मॅथ-१’ या प्रतिलेखन घटकाचे काम उलगडले. नावाचा गणिताशी संबंध नाही. माशीतील ‘अटोनल’ या जनुकाचा हा उंदरातील भाऊ. हा घटक नसलेल्या उंदरांत लहान मेंदूच्या कणिकापेशी घडल्याच नाहीत. काहाल यांनी रेखाटलेल्या त्या अफाट पेशीसमूहाचा आरंभ एका प्रतिलेखन घटकावर अवलंबून होता.

१६/
१९९९ पर्यंत चित्र जुळले. लहान मेंदूतील मोठ्या पुर्किंज पेशी सॉनिक हेजहॉगचा खलिता धाडतात. वरच्या थरातील पूर्वज पेशींत तो ग्ली घटकांना जागे करतो आणि त्या पेशी भराभर विभागतात. पुरेशा पेशी झाल्या, की विभाजनाचे हुकूम मावळतात, प्रौढत्वाचे हुकूम निघतात आणि पेशी आत उतरतात. २००९ मध्ये झोघबी यांच्या गटाने दाखवले, की मॅथ-१ हा ग्ली-२ या जनुकावर थेट नियंत्रण ठेवतो; आणि मॅथ-१ काढून टाकला, तर कर्करोगप्रवण उंदरांतही ही गाठ होत नाही. अवयव आणि गाठ, दोन्हींचे बांधकाम एकाच जाळ्याने चालते. फरक एवढाच, की गाठीत थांबण्याचा हुकूम पोहोचत नाही.

१७/
जाळे कळले, म्हणजे औषध सापडले का? १९५७ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो प्रांतात एका डोळ्याची कोकरे जन्मल्याचे प्रकरण तपासासाठी पुढे आले होते. गाभण मेंढ्यांनी खाल्लेल्या एका रानवनस्पतीत ‘सायक्लोपामिन’ हे द्रव्य होते. ते हेजहॉगचा मार्ग बंद पाडते, हे पुढे उमगले. त्याच तत्त्वावर माणसांसाठी औषधेही निघाली. पण हेजहॉग कुळ हाडांची वाढही सांभाळते. त्यामुळे लहान मुलांत या औषधांनी हाडांची वाढ कायमची थांबण्याचा धोका आढळला. शरीर एकच दफ्तर अनेक कामांना वापरते. एक रुमाल जाळला, की दुसरीकडचे काम अडते.

१८/
दरम्यान आणखी एक गोष्ट उघड होत होती. सर्व मेडुलोब्लास्टोमा हेजहॉगच्या बिघाडातून होत नव्हते. काहींत विंटचा मार्ग सतत चालू होता. २०१० मध्ये असे दिसले, की विंट प्रकारच्या गाठी मुळात लहान मेंदूतून नव्हे, तर शेजारच्या मस्तिष्कस्तंभाच्या पेशींतून उगम पावतात. त्याच वर्षी तज्ज्ञ पुन्हा बॉस्टनमध्येच जमले. २०१२ मध्ये त्यांचे एकमत प्रसिद्ध झाले : हा एक आजार नसून किमान चार आहेत. विंट, सॉनिक हेजहॉग, गट ३ आणि गट ४. गट ३ मधील काही गाठींत ‘मिक’ या प्रतिलेखन घटकाच्या जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या असतात आणि तो गट सर्वांत घातक ठरतो. उलट विंट गटातील ९० टक्क्यांहून अधिक मुले प्रचलित उपचारांनी बरी होतात. ज्या एका मूळ पेशीवरून नाव पडले, ती पेशी अस्तित्वातच नव्हती.

१९/
आता खारघर. खानोलकरांनी उभारलेली संशोधन संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि २००२ मध्ये परळहून खारघरच्या विस्तीर्ण आवारात आली. तिचे आजचे नाव ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर, थोडक्यात ‘ॲक्ट्रेक’. येथील डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेसमोर अगदी व्यावहारिक अडचण होती. चार गट ओळखायचे, तर कोणत्या जनुकांच्या किती नकला निघाल्या हे मोजावे लागते. या नकला म्हणजे आरएनए. पण शस्त्रक्रियेत काढलेली गाठ बहुधा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवली जाते आणि त्यात आरएनएचे तुकडे तुकडे होतात. ताजी, गोठवलेली गाठ साठवण्याची सोय प्रत्येक रुग्णालयात नसते.

२०/
उपाय सापडला तो सूक्ष्म-आरएनएत. एका कृमीच्या वाढीच्या टप्प्यांची वेळ कशी ठरते, हे शोधताना १९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना हे रेणू सापडले. २०२४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. प्रतिलेखन घटक नकला काढायला लावतात, तर सूक्ष्म-आरएनए निघालेल्या नकला निष्प्रभ करतात. दोघे एकाच जाळ्याचे भाग आहेत. हे रेणू इतके आखूड असतात, की मेणाच्या ब्लॉकमध्येही बऱ्यापैकी शाबूत राहतात. २०१० मध्ये खारघरच्या गटाने विंट गाठींची सूक्ष्म-आरएनएची खास खूण प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये निवडक जनुके आणि निवडक सूक्ष्म-आरएनए एकत्र मोजून, मेणातील नमुन्यावरूनच चार गट ओळखणारी पीसीआर चाचणी मांडली. महागडी यंत्रणा नसलेल्या ठिकाणच्या मुलासाठी याचा अर्थ मोठा होता.

२१/
याच प्रयोगशाळेने पुढे दाखवले, की विंट गाठींत भरपूर आढळणारा ‘मिर-१४८ए’ हा सूक्ष्म-आरएनए प्रयोगशाळेतील कर्कपेशींची पसरण्याची क्षमता कमी करतो. विंट गाठी तुलनेने सौम्य का, याचे एक संभाव्य कारण त्यातून पुढे आले. आता १९५३ चा जुना प्रश्न नव्याने विचारता येणार होता : सौम्य गट ओळखता येतो, तर त्या मुलांच्या संपूर्ण मेंदू-मज्जारज्जूवर किरण टाकणे टाळता येईल का?

२२/
टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी ते तपासून पाहिले. कमी धोक्याच्या विंट गाठी असलेल्या काही मोजक्या मुलांना शस्त्रक्रियेनंतर फक्त गाठीच्या जागेवर किरणोपचार आणि केमोथेरपी देण्यात आली. पण आजार मेंदू व मज्जारज्जूत इतरत्र उलटू लागला. अभ्यास वेळेआधीच थांबवण्यात आला आणि २०२२ मध्ये त्याचा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत प्रसिद्ध झाला : विंट गटातही हे किरणोपचार पूर्ण वगळणे सुरक्षित नाही. त्यानंतरचा प्रयत्न ते वगळण्याचा नव्हे, तर त्यांची मात्रा घटवण्याचा आहे.

२३/
हा निष्कर्ष म्हणजे शोधाचा पराभव नव्हे. जाळ्याचा नकाशा हाती असणे वेगळे आणि त्यावर विसंबून मुलाच्या उपचारातील एक भाग वगळणे वेगळे. पहिले काम माशी, उंदीर आणि कृमी यांच्या अभ्यासातून झाले. दुसरे फक्त रुग्णांसोबत, अत्यंत सावधपणे करता येते. असा अभ्यास वेळीच थांबवणे आणि त्याचे अपयश जगापुढे मांडणे, हेही वैज्ञानिक कर्तव्यच आहे. त्यामुळे पुढची मुले त्याच धोक्यातून जाणार नाहीत.

२४/
२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात जनुकीय गटांना अधिकृत स्थान दिले. जुने नाव कोणी पुसले नाही. आजच्या अहवालात आधी ‘मेडुलोब्लास्टोमा’ असे लिहिले जाते आणि त्यापुढे गट लिहिला जातो. नावाचा पहिला भाग बॉस्टनमधल्या १९२५ च्या कल्पनेचा. दुसऱ्या भागात दिल्लीतील पंखहीन माशी आहे, हायडेलबर्गची काटेरी अळी आहे. आणि तो भाग ठरवण्याची एक पद्धत खारघरच्या मेणाच्या ब्लॉकमधून आली आहे. एखाद्या मुलाला किती किरण द्यायचे, याचा विचार आज त्या दुसऱ्या भागापासून सुरू होतो.

॥ धागा समाप्त ॥